आधी दिवस मोजा, मग माणसं मागा: न्यायसहायक प्रयोगशाळेचा कारभार पायरीपायरीने कसा सुधारायचा

न्यायसहायक (फॉरेन्सिक) प्रयोगशाळेची आवक खिडकी उघडायच्या तासभर आधीपासून बाहेर हवालदार येऊन बसलेले असतात. कुणी पहाटेच्या एसटीने आलेला, कुणाच्या मांडीवर व्हिसेऱ्याच्या (शवविच्छेदनात राखून ठेवलेल्या अवयवांच्या) बरण्यांचं खोकं, कुणाच्या पिशवीत लाखेचं सील लावलेली सहा-सात पाकिटं. नोकरीच्या काळात अशाच एका खिडकीवरून एक हवालदार तिसऱ्यांदा परत जाताना मी पाहिला. पहिल्या खेपेला सीलचा नमुना जोडलेला नव्हता. दुसऱ्या खेपेला पत्रावरचा गुन्हा क्रमांक पाकिटावरच्या क्रमांकाशी जुळला नाही. तिसऱ्या खेपेला खिडकीवरचा कारकून रजेवर होता आणि त्याच्या जागी कुणालाच बसवलेलं नव्हतं. त्या पाकिटात नऊ वर्षांच्या मुलीचे कपडे होते.

सी.ए. रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, का रखडतो असं विचारलं की ‘जागा रिकाम्या आहेत’ हे उत्तर ठरलेलं असतं. ते खरं आहे, पण अपुरं आहे. जागा भरल्यावरही ढीग कमी न झालेल्या प्रयोगशाळा मी पाहिल्या आहेत. नमुन्यावर प्रत्यक्ष काम होतं काही तास, आणि तो पडून राहतो कित्येक महिने. खिडकीवर, कपाटात, सहीच्या फाइलमध्ये तो नुसता थांबलेला असतो. त्यामुळे आधी हा थांबलेला वेळ शोधायचा, असलेल्या माणसांचे तास मोकळे करायचे, आणि मग हिशेब दाखवून नवी माणसं मागायची. हा क्रम उलटा केला तर नवी माणसंही त्याच ढिगाखाली दबतात.

हे मार्गदर्शन प्रामुख्याने प्रादेशिक प्रयोगशाळेचे उपसंचालक, विभागप्रमुख आणि त्यांच्याकडे मुद्देमाल पाठवणारे पोलीस अधिकारी यांच्यासाठी आहे. उदाहरणं पुण्याची घेतली आहेत. राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालयाचं मुख्यालय मुंबईत कलिन्याला आहे आणि पुण्याची प्रादेशिक प्रयोगशाळा गणेशखिंडीत. तळेगावजवळ केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे, राज्य सीआयडीचं मुख्यालयही पुण्यातच आहे. एवढं सगळं एका शहराच्या आसपास असणं हा पुण्याचा फायदा आहे आणि तो वापरायला हवा.

पहिली पायरी: सहा आठवडे फक्त तारखा लिहा

प्रत्येक प्रकरणासाठी सात तारखा नोंदवा: जप्तीची, आवक झाल्याची, विश्लेषकाने पाकीट उघडल्याची, तपासणी संपल्याची, मसुदा सहीला गेल्याची, सही झाल्याची आणि पोलिसांनी अहवाल उचलल्याची. संगणकप्रणाली नसेल तर साधी वही चालेल. कुणाला दोष द्यायचा नाही, कुणाची झडती घ्यायची नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना स्पष्ट सांगा. नाहीतर तारखा सोयीच्या लिहिल्या जातात.

सहा आठवड्यांनी ही वही बोलायला लागते. एका विभागात तपासणीला दोन दिवस आणि सहीला पाच आठवडे लागतात असं दिसेल. दुसऱ्या विभागात अहवाल तयार होऊन पडलेत पण न्यायला कुणी आलेलं नाही असं दिसेल. या दोन्ही दुखण्यांवर नवीन विश्लेषक नेमणं हा उपाय नाही.

त्यानंतर एक साधा भागाकार करा. समजा, विषशास्त्र विभागात महिन्याला ४०० प्रकरणं येतात, ३६० बाहेर पडतात आणि २,४०० प्रलंबित आहेत (आकडे फक्त समजावण्यापुरते). प्रलंबित संख्येला मासिक निपटाऱ्याने भागलं की साधारण पावणेसात महिने येतात. आज आलेल्या व्हिसेऱ्याला तेवढं थांबावं लागणार. शिवाय दर महिन्याला ढीग ४० ने वाढतोच आहे. अशा ठिकाणी शनिवार-रविवार कामाची ‘विशेष मोहीम’ काढली तर दोन महिने आकडा खाली येतो, फोटो निघतात आणि दिवाळीपर्यंत ढीग होता तिथे येतो. आवक आणि निपटारा यांची बरोबरी आधी साधायची, मोहीम त्यानंतर.

दुसरी पायरी: दारातच निवड करा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे वाचतो, आणि पैसा जवळजवळ लागत नाही.

पुण्यात पोलिसांची तीन घटकं आहेत: पुणे शहर, पुणे ग्रामीण आणि १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालय. प्रत्येक घटकाला आठवड्यातले वार ठरवून द्या आणि प्रत्येकाकडून एक समन्वयक अधिकारी नावानिशी मागून घ्या. पाकीट निघण्याआधी पोलीस ठाण्याने एक पानाची तपासणी-यादी भरून पत्राचा फोटो समन्वयकाकडे पाठवायचा: सील नमुना आहे का, गुन्हा क्रमांक, कलमं आणि मुद्देमाल क्रमांक जुळतात का, पंचनाम्याची प्रत आहे का, रक्ताच्या बाटलीत रक्त टिकवणारं सोडियम फ्लोराइड घातलं आहे का, बरणीवर डॉक्टरांची सही आहे का. चूक असेल तर ती ठाण्यातच दुरुस्त होते. जुन्नरहून गणेशखिंडीपर्यंतचा हेलपाटा वाचतो.

दुसरा मुद्दा प्रश्नांचा. ‘सोबतचा मुद्देमाल तपासून अहवाल मिळावा’ एवढ्याच मजकुराचं पत्र घेऊ नका. तपास अधिकाऱ्याने काय जाणून घ्यायचं आहे ते लिहिलं पाहिजे: शर्टावरचं रक्त मयताचं आहे का, चाकूच्या मुठीवर आरोपीचा डीएनए आहे का. एका खुनात एकाच खोलीतले पंचवीस डाग उचलून पाठवले जातात आणि त्यांतले चार उत्तर देऊन जातात. पहिल्या फेरीत कुठले नमुने घ्यायचे हे विश्लेषक आणि तपास अधिकारी यांनी फोनवर दहा मिनिटं बोलून ठरवावं, बोलणं लेखी नोंदवावं आणि बाकीचे नमुने सीलबंद राखून ठेवावेत. न्यायालयाने मागितले तर ते आहेतच.

व्हिसेऱ्याच्या बाबतीत हेच बोलणं डॉक्टरांशी व्हायला हवं. शवविच्छेदन करणाऱ्याने ‘विषबाधेचा संशय’ एवढंच लिहिलं की प्रयोगशाळेला सगळ्या प्रकारच्या विषांचा शोध घ्यावा लागतो. ‘शेतात फवारणीच्या औषधाची बाटली सापडली, तोंडाला वास होता’ किंवा ‘घरात धान्यात ठेवायच्या गोळ्या होत्या’ एवढी एक ओळ असली तर विश्लेषक नेमक्या वाटेने जातो आणि काम कितीतरी कमी होतं. ससून, औंधचं जिल्हा रुग्णालय, पिंपरीचं वायसीएम आणि तालुक्यांची ग्रामीण रुग्णालयं इथले तरुण डॉक्टर बदलत राहतात, त्यामुळे हे प्रशिक्षण एकदा देऊन भागत नाही. दर सहा महिन्यांनी दोन तासांचं सत्र ठेवा, आणि खिडकीवर परत पाठवलेल्या बरण्यांचे फोटो तिथे दाखवा. त्या फोटोंनी होतं ते काम परिपत्रकाने होत नाही.

तिसरा मुद्दा क्रमाचा. ‘आधी आलेलं आधी’ हे वरवर न्याय्य वाटतं, पण कायद्याची घड्याळं वेगवेगळी आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ नुसार दोषारोपपत्राला ६० किंवा ९० दिवस मिळतात, त्यानंतर कोठडीतल्या आरोपीला जामिनाचा हक्क येतो. बलात्कार आणि पॉक्सोच्या प्रकरणांत तपास दोन महिन्यांत पुरा करायचा असतो. अमली पदार्थांच्या २०२२ च्या नियमांत रासायनिक अहवालासाठी १५ दिवसांची मुदत आहे. म्हणून प्रत्येक प्रकरणावर मुदतीची तारीख ठळक लिहा आणि रांग त्या तारखेने लावा. अनोळखी मृतदेहाच्या ओळखीचा डीएनए कुठल्याही मुदतीत बसत नाही, तरी तो वर घ्या. घरचे लोक अंत्यसंस्कारासाठी थांबलेले असतात.

दारू पिऊन गाडी चालवल्याच्या प्रकरणांतलं रक्त स्वतंत्र वाटेने जाऊ द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल अशी आहे. पद्धत ठरलेली आहे, हेडस्पेस गॅस क्रोमॅटोग्राफीवर (नमुन्यावरच्या वाफेतलं अल्कोहोल मोजणाऱ्या यंत्रावर) नमुने तुकडीने लागतात. दोन प्रशिक्षित माणसं आणि एक यंत्र एवढ्याच कामाला राखून ठेवलं तर संख्येने मोठा असलेला हा गठ्ठा खुनाच्या व्हिसेऱ्याच्या वाटेतून बाजूला होतो.

शेवटचं, जुना ढीग तपासा. ज्या प्रकरणात निकाल लागून गेला आहे, आरोपीने गुन्हा कबूल केला आहे किंवा गुन्हाच न्यायालयाने रद्द केला आहे, अशी पाकिटंही प्रलंबित यादीत असतात. जुन्या प्रकरणांची यादी ठाण्यांना पाठवून ‘अहवाल अजून हवा आहे का’ हे विचारा. उत्तर लेखी घ्या, तोंडी ‘नको’ ऐकून एकही पाकीट परत पाठवू नका.

तिसरी पायरी: विश्लेषकाच्या दिवसाचा हिशेब मांडा

जागा मागताना इथेच घोळ होतो, म्हणून आकड्यांनिशी सांगतो. वर्षाचे ३६५ दिवस. राज्य शासनाच्या पाच दिवसांच्या आठवड्यात शनिवार-रविवारचे १०४ गेले, उरले २६१. सार्वजनिक सुट्ट्या २२ धरा, रजा २४ धरा, उरले २१५. त्यातून न्यायालयातल्या साक्षी ३० दिवस, घटनास्थळ भेटी २५, प्रशिक्षण आणि प्रावीण्य चाचण्या १५, यंत्रांची देखभाल १०. प्रत्यक्ष टेबलावर उरतात १३५ दिवस. दिवसाचे खरे कामाचे तास सहा धरले तर ८१० तास. तुमच्या प्रयोगशाळेचे आकडे वेगळे निघतील, पद्धत हीच ठेवा.

समजा, विभागात वर्षाला ४,८०० प्रकरणं येतात आणि सरासरी तीन तास लागतात. म्हणजे १४,४०० तास. त्याला ८१० ने भागलं तर अठरा विश्लेषक लागतात. हाच हिशेब कुणी मंत्रालयात बसून २१५ दिवस गुणिले आठ तास असा केला तर उत्तर नऊ येतं. एकाच विभागाचे दोन आकृतिबंध (पदांचे आराखडे), आणि फरक दुपटीचा. तुमचा प्रस्ताव वित्त विभागाकडून शेरा मारून परत येतो तेव्हा त्यात हे कोष्टक होतं का, हे आधी पाहा. ‘कामाचा ताण वाढला आहे’ या वाक्यावर पद मंजूर होत नाही.

या कोष्टकाने आणखी एक गोष्ट कळते. त्या ८१० तासांतलेही कितीतरी तास पाकिटं फोडणं, लेबलं लावणं, टंकलेखन, ठाण्यांचे फोन आणि रसायनांचा साठा मोजणं यांत जातात. एम.एस्सी. झालेल्या माणसाने दुपारभर टंकलेखन करायचं आणि मागे क्रोमॅटोग्राफ बंद ठेवायचा, ही चैन आपल्याला परवडत नाही. तंत्रज्ञ, मुद्देमाल कारकून आणि टंकलेखकाची पदं वैज्ञानिक पदांपेक्षा लवकर मिळतात, म्हणून ती आधी मागा. बाह्यस्रोतातून माणसं घ्यायची झाली तर फोन आणि टंकलेखनासाठी घ्या. सीलबंद मुद्देमाल मात्र जबाबदारी घेणाऱ्या नियमित कर्मचाऱ्याच्याच हातात राहिला पाहिजे, कारण मुद्देमाल कुणाकुणाच्या हातून गेला हा प्रश्न उलटतपासणीत येतोच.

चौथी पायरी: सहीचा अडथळा ओळखा

ही गोष्ट बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. संहितेच्या कलम ३२९ नुसार (जुन्या कायद्यात कलम २९३) काही शासकीय तज्ज्ञांचा अहवाल त्यांना साक्षीला न बोलावताही पुरावा म्हणून वापरता येतो. त्या यादीत शासनाचे रासायनिक परीक्षक आणि सहायक रासायनिक परीक्षक आहेत, शासकीय सिरॉलॉजिस्ट (रक्त आणि शरीरद्रव तपासणारे तज्ज्ञ) आहेत, आणि राज्य किंवा केंद्राच्या न्यायसहायक प्रयोगशाळेचे संचालक, उपसंचालक व सहायक संचालक आहेत. याचा सरळ अर्थ असा की खाली कितीही वैज्ञानिक सहायक भरले आणि वरची सहीची पदं रिकामी राहिली, तर तपासणी झालेल्या प्रकरणांची फाइल एका टेबलावर साचते. पहिल्या पायरीतल्या वहीत ‘मसुदा’ आणि ‘सही’ या तारखांमधलं अंतर वाढत असेल तर दुखणं हेच आहे.

यावर तीन उपाय आहेत. पदोन्नती समितीची बैठक दरवर्षी ठरलेल्या महिन्यात घ्या, निवृत्तीमुळे जागा रिकामी झाल्यावर धावपळ नको. त्याच कलमात शासनाला अधिसूचनेने इतर वैज्ञानिक तज्ज्ञही जाहीर करता येतात. अनुभवी, प्रावीण्य सिद्ध केलेल्या अधिकाऱ्यांसाठी असा प्रस्ताव संचालनालयामार्फत गृह विभागाकडे पाठवा. आणि अहवालाचे ठरावीक नमुने करून सहकाऱ्याकडून तांत्रिक फेरतपासणी आधीच करून घ्या, म्हणजे सही करणाऱ्याला वाक्यं दुरुस्त करत बसावं लागत नाही.

पाचवी पायरी: भरतीचं पंचवार्षिक पंचांग

कोण कधी निवृत्त होणार हे सेवापुस्तकात लिहिलेलं असतं. तरीही जागा रिकामी झाल्यावर मागणीपत्राची तयारी सुरू होते. पुढच्या पाच वर्षांच्या निवृत्ती एका मोठ्या कागदावर लिहा आणि प्रत्येकीच्या अठरा महिने आधी काम सुरू करा. पहिलं काम बिंदुनामावली, म्हणजे कुठलं पद कुठल्या आरक्षणाचं हे सांगणारा तक्ता, मागासवर्ग कक्षाकडून तपासून घेण्याचं. इथे त्रुटी निघाली की लोकसेवा आयोगाकडचं मागणीपत्र महिनोन्‌महिने अडकतं. संवर्गाच्या तक्त्यात चूक राहिली म्हणून अख्खं वर्ष वाया गेलेलं मी पाहिलं आहे, आणि त्या वर्षात विश्लेषकांनी घेतलेला ताण मला अजून आठवतो.

दुसरं काम सेवाप्रवेश नियम वाचून पाहण्याचं. संगणक गुन्हे, ध्वनी विश्लेषण आणि डीएनए ही कामं नंतर वाढली. न्यायसहायक विज्ञानात पदवी घेतलेली मुलं आता मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय संस्थांतून बाहेर पडतात. जाहिरातीतली अर्हता या मुलांना सामावून घेते का आणि सायबर विभागासाठी संगणक शाखेच्या पदव्या मान्य करते का, हे तपासा. नियम बदलायला वेळ लागतो, म्हणून ही फाइल आजच हलवा.

उमेदवार रुजू झाला म्हणजे विश्लेषक मिळाला असं नव्हे. डीएनए विभागात स्वतंत्रपणे काम करण्याआधी महिनोन्‌महिने प्रशिक्षण, मग अज्ञात नमुन्यांवर चाचणी आणि मग अधिकारपत्र हा क्रम पाळावाच लागतो. म्हणून शिकवणाऱ्याचे तासही तिसऱ्या पायरीच्या हिशेबात धरा. आता बदल्यांचा कायदा पाहा. २००५ च्या अधिनियमात सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा आहे. माणूस तयार होऊन मन लावून काम करायला लागतो तोच बदलीची यादी येते, आणि नव्या ठिकाणी त्याच्या विषयाचा विभागच नसतो. बदल्या एका विभागातून त्याच विषयाच्या विभागात व्हाव्यात, डीएनएतून डीएनएत, सायबरमधून सायबरमध्ये, असा आग्रह संचालनालयाकडे लेखी धरा.

कंत्राटी विश्लेषकांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ढीग उपसण्यासाठी अकरा महिन्यांवर घेतलेला मुलगा खटला उभा राहतो तेव्हा दुसऱ्या राज्यात नोकरी करत असतो. त्याला मदतनीस म्हणून जरूर घ्या, निष्कर्ष मात्र नियमित अधिकाऱ्याचा हवा.

सहावी पायरी: घटनास्थळासाठी वेगळी तुकडी

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या संहितेच्या कलम १७६(३) ने सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं आणि प्रक्रियेचं चित्रण होणं बंधनकारक केलं आहे. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. फिरत्या व्हॅन आल्या आहेत, पण व्हॅनसोबत माणूस येत नाही.

चोवीस तास एक जागा चालू ठेवायला किती माणसं लागतात ते बघा: आठवड्याचे १६८ तास, एका माणसाचे ४०. म्हणजे रजा न धरताच चारहून अधिक, रजा धरून पाच ते सहा. व्हॅनमध्ये दोन तज्ज्ञ हवे असतील तर दहा-बारा, शिवाय चालक. ही माणसं टेबलावरून उचलली तर घटनास्थळ सांभाळलं जातं आणि प्रयोगशाळा ओस पडते. त्यामुळे तुकडी वेगळी हवी आणि तिची पदंही वेगळी मंजूर करून घ्यायला हवीत. पुणे जिल्ह्यात एका टोकाला जुन्नरचे घाट, दुसऱ्या टोकाला इंदापूर. सगळ्या व्हॅन शिवाजीनगरजवळ उभ्या ठेवण्यात अर्थ नाही. एक बारामतीकडे आणि एक नारायणगाव-मंचर पट्ट्यात ठेवली तर पाऊस रक्ताचे डाग धुऊन नेण्याआधी माणूस पोहोचण्याची शक्यता वाढते.

सातवी पायरी: यंत्रं आणि खरेदी, थोडक्यात

यंत्र घेताना पाच वर्षांचा सर्वसमावेशक देखभाल करार किमतीतच धरा. डीएनए किट्सना वापराची मुदत असते, म्हणून मार्चअखेर निधी संपवण्यासाठी एकदम साठा करू नका. पुरवठादाराकडून टप्प्याटप्प्याने माल घेण्याची अट निविदेतच घाला. वातानुकूलन, यूपीएस आणि वायूच्या टाक्या यांचा खर्च वेगळ्या ओळीत मागा. कोट्यवधींचं यंत्र एसी बंद म्हणून थांबलं तर तो दोष नियोजनाचा आहे. छोट्या वस्तूंसाठी जिल्हा नियोजन समितीचं दार ठोठावा. केंद्राच्या मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये न्यायसहायक पायाभूत सुविधांसाठी २,२५४.४३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, पण तिचा भर राष्ट्रीय विद्यापीठाची संकुलं आणि केंद्रीय प्रयोगशाळांवर आहे. तिच्यावर विसंबून राज्याचं अंदाजपत्रक मोकळं सोडू नका.

आठवी पायरी: वेगाला लगाम

ढीग उपसताना सगळ्यात मोठा धोका इथे असतो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या अमली पदार्थ प्रयोगशाळेत एक रसायनतज्ज्ञ सहकाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त नमुने निकाली काढत असे. तिचं कौतुक होई. २०१२ मध्ये उघड झालं की ती अनेक नमुने न तपासताच निष्कर्ष लिहीत होती. २०१७ मध्ये २१ हजारांहून अधिक प्रकरणं न्यायालयाला रद्द करावी लागली. म्हणून महिन्याच्या बैठकीत सर्वाधिक निपटारा करणाऱ्याचा सत्कार करण्याआधी त्याच्या कच्च्या नोंदी काढून बघा.

काय करायचं? प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचं आयएसओ १७०२५ मानांकन विभागवार घ्या, एका झटक्यात सगळ्यांचं नको. गुणवत्ता अधिकारी पूर्णवेळ हवा, विश्लेषकावर टाकलेला अतिरिक्त कार्यभार नको. ओळखीचे निकाल असलेले नमुने अधूनमधून खऱ्या प्रकरणासारखे सील करून, विश्लेषकाला न कळवता रांगेत सोडा. तळेगावच्या केंद्रीय प्रयोगशाळेशी अशा नमुन्यांची देवाणघेवाण करता येईल. आरोपीची कबुली, वृत्तपत्रातली कात्रणं असा मजकूर विश्लेषकाच्या टेबलावर जाऊच देऊ नका. खिडकीवरच्या प्रकरण समन्वयकाने तो बाजूला ठेवावा आणि तपासणीला लागेल तेवढीच माहिती पुढे द्यावी.

मे २०२४ च्या पुण्यातल्या कल्याणीनगर मोटार अपघातानंतर अल्पवयीन चालकाच्या रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप झाला, तेव्हा दुसऱ्या ठिकाणी घेतलेल्या नमुन्याशी डीएनए जुळत नाही हे तपासणीतून पुढे आलं. दबाव असलेल्या प्रकरणात प्रयोगशाळेचा शब्द किती मोलाचा असतो हे पुणेकरांनी तेव्हा पाहिलं. हा शब्द जपायचा असेल तर फोनवरून आलेली प्रत्येक ‘विनंती’ नोंदवहीत लिहायची सवय सगळ्यांना लावा, फोन कितीही वरून आला तरी. आपलं संचालनालय गृह विभागाखाली आहे, म्हणून ही शिस्त अधिकच गरजेची. चूक स्वतःहून सांगणाऱ्याला शिक्षा करू नका. ती चूक कुठल्या कुठल्या प्रकरणांत गेली ते शोधा आणि संबंधित न्यायालयांना कळवा.

खासगी प्रयोगशाळांकडे काम सोपवण्याचा सल्ला अधूनमधून दिला जातो. ब्रिटनने २०१२ मध्ये आपली सरकारी न्यायसहायक सेवा बंद करून काम बाजारावर सोपवलं. पुढे एका मोठ्या खासगी कंपनीतल्या विषशास्त्र चाचण्यांत फेरफार झाल्याचा संशय आला आणि हजारो निकाल तपासावे लागले. तो रस्ता आपण धरू नये असं मला मनापासून वाटतं.

नववी पायरी: साक्षीचे दिवस वाचवा

विश्लेषक जिथे जिथे नोकरी करून येतो तिथली समन्स त्याच्या मागे येतात. संहितेच्या कलम ३३६ नुसार मूळ अधिकारी बदलून किंवा निवृत्त होऊन गेला असेल तर त्याच्या पदावरचा अधिकारी त्या अहवालावर साक्ष देऊ शकतो, आणि दृकश्राव्य माध्यमातूनही साक्ष होऊ शकते. प्रयोगशाळेत शांत, चांगलं इंटरनेट असलेली एक खोली फक्त साक्षींसाठी ठेवा. जिल्हा सरकारी वकिलांना दर तीन महिन्यांनी भेटून समन्स येण्याआधी त्यांची गरज समजून घ्या. पुष्कळदा त्यांना एका ओळीचा खुलासा हवा असतो.

दहावी पायरी: माणसं टिकवा

पुण्यात सायबर विभागाच्या मुलांना हिंजवडी आणि खराडी समोर दिसते. तिथल्या पगाराशी शासन स्पर्धा करू शकत नाही. पण त्या मुलांना नवी साधनं, प्रशिक्षण, परिषदेला जायची परवानगी आणि प्रशासनात न शिरताही तांत्रिक पदांवर वर जाता येईल अशी शिडी देता येते. ती शिडी सेवाप्रवेश नियमांत हवी. सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था आणि पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा शहरातच आहेत, तिथल्या तज्ज्ञांची व्याख्यानं ठेवा.

आणि ज्या गोष्टीबद्दल कुणी बोलत नाही ती बोला. लहान मुलांवरच्या अत्याचाराचे कपडे दिवसभर हाताळणारी, मोबाइलमधल्या चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहणारी माणसं संध्याकाळी घरी जाऊन स्वतःच्या मुलांना जवळ घेतात. त्यांना झोप लागत नाही. समुपदेशक दर महिन्याला प्रयोगशाळेत येऊ द्या, अशा कामावरून काही महिन्यांनी आळीपाळीने बदल द्या, आणि समुपदेशकाकडे गेल्याची नोंद गोपनीय अहवालात कधीही येऊ देऊ नका. हेपॅटायटिस बीची लस, चालणारे फ्यूम हूड (विषारी वाफा ओढून घेणारी कपाटं), व्हिसेरा कक्षातलं वायुवीजन आणि महिलांसाठी स्वच्छ कपडे बदलायची खोली या गोष्टी वर्षानुवर्षं मागाव्या लागणं लाजिरवाणं आहे. पहिल्याच वर्षाच्या निधीतून त्या करून टाका.

पहिले शंभर दिवस

पहिले सहा आठवडे तारखांची वही आणि सोबतीला ठाण्यांना जुन्या प्रकरणांची यादी. सातव्या आठवड्यात खिडकीची नवी पद्धत, आधी फक्त पुणे ग्रामीणसाठी, कारण हेलपाट्याचा त्रास त्यांनाच जास्त आणि प्रतिसादही तिथूनच लवकर मिळेल. दहाव्या आठवड्यात अल्कोहोलची वेगळी वाट. बाराव्या आठवड्यापर्यंत तासांचं कोष्टक, निवृत्तीचं पंचांग आणि कलम ३२९ च्या अधिसूचनेचा प्रस्ताव संचालनालयाकडे गेलेला असावा, जावक क्रमांकासह.

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तासाभराची बैठक. तिन्ही पोलीस घटकांचे समन्वयक, एक सरकारी वकील, रुग्णालयांच्या न्यायवैद्यक विभागाचा एक डॉक्टर आणि सगळे विभागप्रमुख. विषय तीनच: कुठली प्रकरणं मुदतीच्या पंधरा दिवस आत आली आहेत, खिडकीवरून काय आणि का परत गेलं, आणि कुठले तयार अहवाल अजून उचललेले नाहीत. बैठक संपताना उचलायचे अहवाल तिथेच समन्वयकांच्या हातात द्यायचे आणि पोचवहीत सह्या घ्यायच्या.